दोन दशम्या

बाई,

परवा बाररूममध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही दीपस्तंभ होतात, असं तिथे कळलं. ज्यांनी हे सांगितलं ते वकीलसाहेब गेली नऊ वर्षं तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवण्यासाठी भांडत होते. तुमच्या फोटोसमोरचं निरांजन विझायला लागलं तेव्हा त्यांनीच शिपायाला खूण केली आणि पंखा बंद झाला. एवढा एक वाद त्यांनी तुमच्याशी जिंकला, तोही तुम्ही गेल्यावर. मग ठराव वाचला गेला. माझ्या मसुद्यांतली विशेषणं तुम्ही खोडायचात तशी त्यातली खोडली असती, तर तुमचं नाव आणि तारीख एवढंच उरलं असतं.

तारखेचा विषय निघालाच आहे. खरं तर तेच सांगायला बसलोय. रविवारी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, दांडीच्या कागदात सगळं बरोबर आहे ना?" मी "हो" म्हणालो. ते खोटं होतं. सोमवारी पहाटे तुम्ही गेलात.

तुम्हाला प्रकरण माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. गेले चार दिवस मी ते स्वतःला पहिल्यापासूनच सांगतोय, आणि दर वेळी त्याच जागी येऊन अडखळतोय.

मागच्या गुरुवारी हिरा पालघरला आपल्या ऑफिसात आली. समुद्रकाठच्या दांडी गावची. नवरा जनार्दन छोट्या होडीवर जातो, ती मासळी सुकवते आणि विकते. किनाऱ्यावर मोजणीच्या खुंट्या ठोकायला आलेल्या लोकांना जनार्दन म्हणाला होता, आधी कागद दाखवा. कागद दाखवा म्हणणाऱ्याचा राग कोणालाही येतो. मी एकदा हेडमास्तरांकडे परिपत्रक पाहायला मागितलं होतं, त्यामुळे मला याचा अनुभव आहे. आठवडा गेला आणि एका सकाळी साध्या कपड्यातले चौघे जीप घेऊन किनाऱ्यावर आले, होडीतून उतरणाऱ्या जनार्दनला घेऊन गेले. घरचे पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर मिळालं, असा कोणी माणूस इथे आणलेलाच नाही. अटकेची नोंद नाही, म्हणून कोर्टासमोर उभं करणं नाही, म्हणून जामीन नाही. ज्याला धरलंच नाही त्याला सोडवायचं कसं, हा प्रश्न घेऊन ती तुमच्यासमोर बसली होती.

तुम्ही विचारलंत, कधी नेलं. ती म्हणाली, "दशमीला, बाय. भरती सरली, होडी रेतीला टेकली, तो पाटी उचलत व्हता. तवाच नेला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कोर्टाला दशमी चालत नाही, तारीख लागते; भरती चालत नाही, घड्याळ लागतं. आणि मला, बाई, मनातून आनंद झाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोष्टक मी पंधरा वर्षांपूर्वी एका तांडेलाकडून, होडीच्या म्होरक्याकडून, शिकलो होतो आणि तेव्हापासून ते कोणापुढे तरी वापरून दाखवायची संधी शोधत होतो. दहाची पाऊणपट साडेसात. पूर्ण भरती साडेसातला. पाणी उतरून होडी रेतीला टेकायला दीडेक तास. म्हणजे सुमारे नऊ. मी ते मोठ्याने करून दाखवलं. हिरा म्हणाली, "व्हय, नऊ असतील." तुम्ही म्हणालात, "वा, मास्तर." इतक्या वर्षांत तुमच्याकडून मिळालेलं हे तिसरं किंवा चौथं "वा".

त्या "वा"च्या भरात मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज गुरुवार, एकादशी. काल बुधवार, दशमी. चौकोनात छापलेलंच होतं. मी बुधवारची तारीख घातली. त्याच्या डावीकडच्या चौकोनात, मंगळवारी, तीच तिथी छापलेली होती. त्या महिन्यात दशमीची वृद्धी होती. दोन्ही सूर्योदयांना दशमीच. जन्मभर पंचांग हाताळलेल्या घरातला मी. भरतीचं गणित अचूक केलं आणि दिवस चुकवला.

तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलंत, तारीख तपासलीत? मी म्हणालो, तपासली. हे पहिलं खोटं. तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला जास्त झोंबेल. हिराला मी वाचून दाखवला तो मराठी मसुदा. त्यात दशमीच होती. तारीख पडली ती इंग्रजी प्रतीत. खाली मात्र नेहमीचं वाक्य, की सर्व मजकूर अर्जदाराला तिच्या भाषेत वाचून समजावून सांगितला, आणि त्याखाली माझी सही. हिराने अंगठा दिला नाही, नाव लिहिलं. सावकाश, हिरा या दोन अक्षरांना पूर्ण मिनिट घेऊन. तिने ज्यावर सही केली त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तिने ऐकलाच नव्हता.

त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, या केसचं नाव काय. मी म्हटलं, बंदी प्रत्यक्षीकरण. एखाद्या मोठ्या आजाराचं नाव ऐकावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही फाइलमधून मान वर न काढता म्हणालात, "माणूस दाखवा, असा अर्ज आहे, हिरा." यावरून आपलं किती वेळा वाजलं असेल. मला वाटायचं, ज्या अर्जाला हेबिअस कॉर्पस असं थेट लॅटिन नाव आहे, ज्यासाठी पुस्तकांत राजे आणि सरदार भांडले, त्याला थोडी भारदस्त भाषा शोभते. तुम्हाला ती भाषा म्हणजे लग्नाच्या मांडवातली कमान वाटायची. आत जेवण आहे की नाही ते बघा, म्हणायचात.

आणि माझी शंका वेगळीच होती. ती तुम्ही कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीत. मी म्हणायचो, हा अधिकार कागदावर राजेशाही आणि व्यवहारात लंगडा आहे. आपण अर्ज टाकतो, तो पटलावर येईपर्यंत ते माणसाला मागच्या दाराने सोडतात, किंवा घाईने एक गुन्हा नोंदवून कोर्टापुढे उभं करतात. मग आपला अर्ज निकाली. जाब कोणी देत नाही. बोईसरच्या खोलीतून उचललेल्या त्या कामगाराचं असंच झालं होतं. अर्जाची नोटीस लागली त्याच संध्याकाळी त्याला रस्त्यावर सोडून दिलं. दोन दिवसांनी तो पेढे घेऊन आला आणि मला विचारायला लागला, "मास्टरजी, अपन जीते कि हारे?" तुम्ही आतून म्हणालात, "घर गये ना? पेड़ा खाओ." तो पेढा खात खात रडला. नंतर मी तुमच्याशी तासभर वाद घातला, की त्याला कोंडून ठेवलं त्या तीन दिवसांचं काय. तुम्ही म्हणालात, त्या तीन दिवसांसाठी वेगळा अर्ज करू, पण आधी माणूस. तो वेगळा अर्ज आपण केला नाही, कारण तो कामगार गावी निघून गेला. वाद तिथेच राहिला. आता मला तो जिंकायचा नाही. फक्त पुढे चालू ठेवायचा होता.

असो. शुक्रवारी तुम्ही स्वतः मुंबईला गेलात. कोर्टाने नोटीस काढली, बुधवारपर्यंत उत्तर आणि गुरुवारी सुनावणी. गाडीतून तुम्ही मला फोन केलात, आवाज दमलेला होता. मी म्हटलं, विश्रांती घ्या. शनिवारी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

रविवारी मी दांडीला गेलो, हिराला सुनावणीचा दिवस सांगायला. ती आणि शेजारच्या दोघीतिघी बोंबील दोरीवर टाकत होत्या. सहज विचारलं, ठाण्यात चौकशीला कोण गेलं होतं. ती म्हणाली, ती आणि दीर, दुसऱ्या दिवशी. "मंत्री आलता ना बोयसरला, त्या दिवशी. ठाण्यात एकलाच हवालदार व्हता. बाकी सगळी बंदोबस्ताला."

मंत्री आले होते बुधवारी. मला पक्कं आठवत होतं, कारण त्यांच्या स्वागताची कमान बोईसरला मी दूध घेतो त्या दुकानासमोर उभी केली होती आणि मला पिशवी घेऊन वळसा घालून जावं लागलं होतं. रस्त्याच्या त्याच दोनशे पावलांना नवं डांबर, मंत्र्यांच्या गाडीची चाकं जिथून जाणार तिथेच.

मी म्हटलं, म्हणजे जनार्दनला मंगळवारी नेलं?

"दशमीला," हिराने मला धीराने समजावलं.

"अहो, बुधवारी पण दशमीच होती."

"ती दुसरी. आमी पयली धरतो."

शेजारची बाई दोरीवरून हात न काढता म्हणाली, "मास्तर, पयली असताना दुसरीला कोन इचारतो?" बाकीच्या खळखळून हसल्या. हिरा हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "काय चुकला काय?" मी म्हटलं, नाही, नाही, एक खात्री करत होतो.

बघा. हे दुसरं खोटं, आणि त्या वेळी मला सगळं माहीत होतं.

दांडीहून बोईसरपर्यंत रिक्षात मी वाक्य जुळवत होतो. बाई, एक चूक झाली आहे. बाई, माझ्याकडून तारीख चुकली. बाई, उद्या सकाळीच दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र टाकू, त्यांचं उत्तर यायच्या आत. हे शेवटचं महत्त्वाचं होतं आणि तेव्हाच मला कळत होतं. त्यांचं उत्तर यायच्या आत आपण चूक कबूल केली, तर ती चूक. उत्तर आल्यावर केली, तर ती बनवाबनवी. शाळेतल्या पोरालाही हा फरक कळतो. मी तो शेकडो पोरांना छडी हातात घेऊन शिकवलाय.

आणि तुम्ही कॉटवर होतात, हाताला सलाईन, केस मोकळे. तुम्हाला मोकळ्या केसांनी मी कधी पाहिलं नव्हतं. नर्स म्हणाली, पाच मिनिटं. तुम्ही आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत, मग तुमच्या केळवे-माहीमच्या वाडीतले जाम उतरवून घ्यायला सांगितलेत, पाखरं खातील म्हणून. मग तो प्रश्न.

तुमच्या तब्येतीला जपलं, असं मी सगळ्यांना सांगू शकतो. तुमच्या ज्युनिअर वैशालीला तेच सांगितलं आणि तिने ते मानलंही. तुम्ही मानलं नसतंत. खरं कारण हे, की मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई ओतली आणि माझ्या वहीत ती ओतून घ्यायची मला सवय नाही. निवृत्तीनंतर घरात भिंतींचं शुद्धलेखन तपासत बसलो होतो. तुम्ही खिडकीजवळची खुर्ची दिलीत, कागद दिलेत, माझ्या इंग्रजीला पुन्हा काही काम दिलंत. त्या खुर्चीवरून उठावं लागेल, एवढीच भीती. तिकडे एक माणूस कुठल्या खोलीत आहे ते माहीत नाही, आणि मी खुर्ची सांभाळत होतो.

सोमवारी केळव्याच्या स्मशानात सांगण्यासारखं ते नव्हतं. मंगळवारी शोकसभा होती. पाहा, कारणं कशी रांगेत उभी राहतात.

बुधवारी उत्तर आलं. ठाण्याचं म्हणणं, अर्जात लिहिलेल्या दिवशी सकाळी आमचा एकही माणूस दांडीला गेला नाही. सर्व कर्मचारी आणि वाहनं बोईसरला बंदोबस्तात होती. सोबत फोटो जोडले आहेत. खरंच जोडले होते. फोटोत कमान आहे, जीप आहे. बाई, त्या उत्तरातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. इतकं खरं सरकारी उत्तर मी कधी वाचलं नव्हतं, आणि ते खरं करून द्यायला मी होतो.

वैशालीला तुम्हीच तयार केलंत. वाणगावहून रोज येणारी, तुमच्या फाइली उचलणारी, आता तुमच्या जागी उभी राहणारी. हायकोर्टात एकटीने उभं राहायची तिची पहिलीच वेळ. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मास्तर, रविवारी कळलं आणि बुधवारी सांगताय?" मग खुर्ची ओढून म्हणाली, "लिहा. तुमच्या नावाने लिहा. आणि बाईंना सांगितलं नाही, हेही लिहा."

ते नको, मी म्हटलं. त्याचा केसशी काय संबंध?

"रविवारी कळलं होतं, हे सिद्ध करायला दुसरं काय आहे तुमच्याकडे? स्वतःचं खोटं कोणी उगाच कबूल करत नाही."

काही नव्हतं. म्हणून लिहिलं. तिथी दोनदा आली, मी दुसरी धरली, अर्जदाराला तारीख वाचून दाखवली नाही, रविवारी दांडीत चूक कळली, त्याच दिवशी संध्याकाळी वकीलबाईंनी विचारलं असता खोटं बोललो. दीड पान. एकही विशेषण नाही. तुम्हाला दाखवावंसं वाटलेलं माझं हे पहिलंच लिखाण.

आज सुनावणी झाली. सरकारी वकील अपेक्षेप्रमाणे म्हणाले, आमचं उत्तर बघून अर्जदाराने दिवस बदलला. आणि पुढे, की तिथ्यांवर फौजदारी न्याय चालू लागला तर कठीण आहे. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वैशालीने दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. न्यायमूर्तींनी माझं दीड पान वाचलं. मला उभं केलं. चष्म्यावरून पाहत विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय? हो म्हणालो. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. मग सरकारी वकिलांना विचारलं, बुधवारी तुम्ही त्याला नेलं नाही, मान्य. मंगळवारी नेलंत का?

ते म्हणाले, माहिती घ्यावी लागेल.

आज तो तुमच्याकडे आहे का?

त्यावरही ते तेच म्हणाले. पण या वेळी मागे वळून, ठाण्याच्या माणसाकडे बघून. आणि तो माणूस खाली बघत होता.

उद्या सकाळी साडेदहाला त्याला हजर करा, नाहीतर ठाण्याच्या प्रमुखांनी स्टेशन डायरी घेऊन स्वतः यावं, असा हुकूम झाला. वैशाली बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, आजची रात्र आहे मध्ये.

तेच माझ्याही डोक्यात आहे. साडेदहापर्यंत त्यांच्या हातात बरेच तास आहेत. घाईने एखादा गुन्हा नोंदवतील. कुठल्यातरी रस्त्यावर सोडतील. किंवा तिसरं काही, जे मी लिहीत नाही. आपला फोन मी टेबलावर ठेवलाय आणि दर थोड्या वेळाने उचलून बघतोय, आवाज बंद तर नाही ना. कॅलेंडरमध्ये उद्याचा शुक्रवार चार वेळा पाहिला. तिथी एकदाच छापलेली आहे.

येताना हिरा आणि मी बोईसरला उतरलो, घरी न जाता मी तिच्याबरोबर थांबलो, दांडीची रिक्षा मिळेपर्यंत. कोर्टात इंग्रजी चाललं होतं तेव्हा ती फक्त माझी बाही धरून होती. मी तिला गाडीतच सगळं सांगितलं होतं, चूक माझी होती हेही. ती एवढंच म्हणाली होती, "सांगितला ना आता."

रिक्षा येईना. ती म्हणाली, उद्या काय घेऊन येऊ त्याच्यासाठी? मी म्हटलं, कपडे. तिने मान हलवली. मग विचारलं, तो नीट असेल ना, मास्तर?

तुम्ही काय म्हणाला असतात, याचा मी विचार केला. मग तो सोडून दिला आणि म्हटलं, माहीत नाही.

तिने रिक्षा येतेय का ते पाहिलं. मग म्हणाली, "अनवानी नेला त्याला. चपला रेतीत व्हत्या, तशाच हायत. रोज भरतीच्या आदी जाऊन वर उचलून ठेवते, पानी उतरला का परत खाली, व्हत्या तितच. घरात नाय नेल्या." आणि जणू हे विचारायला हायकोर्टातल्याच कोणाची परवानगी लागणार असावी तसं, "उद्या घेतल्या तर चालतील?"

मी म्हटलं, घ्या.